दोन आवाज, एकच बॉक्स

पिंगळीहून परभणीला कॉलेजसाठी रोज ये-जा करणारा एखादा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. गॅदरिंग तोंडावर आलंय. एकाच्या लॅपटॉपमध्ये गाण्यांचे ट्रॅक आहेत. दुसऱ्याने एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं साउंड मॉड्यूल स्वस्तात उचललंय. हा एक चपटा डबा असतो, त्याला ना पट्ट्या ना पॅड, पण पोटात ढोलकीपासून व्हायोलिनपर्यंत शेकडो आवाज. बॉक्सची जोडी मात्र एकच आणि तीही मागून आणलेली. मग कुणीतरी दुकानातून ‘वाय’ वायर आणतो, म्हणजे दोन तोंडं इकडे आणि एक तोंड ॲम्प्लिफायरकडे. वायर लावली की ट्रॅक वाजतो, पण मॉड्यूलचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मग ‘मॉड्यूलच गेलंय, फसवलं तुला’ अशी चर्चा सुरू होते.

मॉड्यूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ जोडणीत असतो. तो समजायचा तर मिडी म्हणजे नेमकं काय, हे आधी बघू.

मिडीच्या पाच पिनांच्या केबलमधून आवाज जातच नाही. जातात ते हुकूम: ‘अमुक स्वर दाबला, एवढ्या जोरात दाबला, आता सोडला.’ बस्स. हुकूम ऐकून आवाज काढायचं काम मॉड्यूलचं. आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात दिसणाऱ्या ऑक्टापॅडचीच गोष्ट घ्या. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टापॅडला, म्हणजे पॅड-८ ला, स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅड होते. त्यांवर काठी मारली की मिडीतून हुकूम सुटायचा आणि शेजारी ठेवलेलं दुसरं यंत्र वाजायचं. आवाज पोटात असलेले ऑक्टापॅड नंतर आले.

मिडी १९८३ चं. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची रेकॉर्ड केली, तीही रोलँडच्याच तीन यंत्रांवर. मिडी नसतानाही त्यांनी ती यंत्रं एकमेकांच्या तालात चालवली होती. ऐकली नसेल तर ऐकाच.

तर लॅपटॉपमधून मॉड्यूलला हुकूम पाठवायला यूएसबी-मिडी केबल लागते. तिचं ‘आऊट’ मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये घालायचं. काहीच वाजलं नाही तर दोन्ही पिनांची अदलाबदल करून बघा, त्याने काही बिघडत नाही. आवाज मात्र मॉड्यूलच्या मागच्या ‘आऊटपुट’ खोबणीतून वेगळ्या वायरने बाहेर काढावा लागतो. कितीतरी जण मिडी केबल लावून लॅपटॉपच्या स्पीकरमधून व्हायोलिन यायची वाट बघत बसतात. ते येणार नाही.

‘लॅपटॉपमध्येच सॉफ्टवेअर टाकू, डबा हवा कशाला?’ असं कुणी म्हणेल. नवा, दमदार लॅपटॉप असेल तर खुशाल टाका. जुन्या लॅपटॉपवर मात्र आवाज तुटू नये म्हणून बफर वाढवावा लागतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १,०२४ सॅम्पलचा बफर ठेवला की पट्टी दाबल्यावर किमान २३ मिलिसेकंदांनी आवाज येतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. मिडीचा एक हुकूम पोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो आणि मॉड्यूल लगेच वाजतं. त्याला अपडेटही लागत नाही.

आता ती वाय वायर. शेतात दोन बोअरच्या मोटारी एकाच पाइपला जोडल्या आणि मध्ये व्हॉल्व्ह बसवला नाही तर एकीचं पाणी दुसरीच्या बोअरमध्ये उतरतं. इथंही तेच होतं. लॅपटॉपची हेडफोनची खोबण हेडफोन हलवायला बनवलेली असते, तिचा आतला रोध फार कमी. मॉड्यूलच्या आऊटपुटचा रोध त्यापेक्षा बराच जास्त. दोन्ही थेट जोडली की मॉड्यूलचा सिग्नल ॲम्प्लिफायरकडे जायचा सोडून लॅपटॉपच्या आऊटपुटमध्येच जिरतो. आवाज बसतो, फाटतो आणि दोन्ही यंत्रांच्या आऊटपुटवर नको तो ताण येतो. एका आऊटपुटचे दोन फाटे करायला ही वायर चालते, दोन आऊटपुट एकत्र करायला नाही. दुकानदार हा फरक सांगेलच असं नाही.

खरा उपाय म्हणजे छोटा मिक्सर. चार चॅनेलचा पुरतो. जुना चालेल, मित्राचा चालेल, मंडपवाल्याकडे पडून असलेला चालेल. दोन चॅनेलवर लॅपटॉपचे डावा-उजवा, दोन चॅनेलवर मॉड्यूलचे, आणि मिक्सरचं मेन आऊटपुट बॉक्सकडे. आपल्याकडचे बॉक्स बहुतेक वेळा मोनोच वाजतात. तसं असेल तर मॉड्यूलच्या ‘एल/मोनो’ लिहिलेल्या खोबणीतून एकच वायर काढा. उजवीकडची रिकामी ठेवली की मॉड्यूल दोन्ही बाजू स्वतःच एकत्र करतं आणि एक चॅनेल वाचतो.

यात एक फसवी गोष्ट आहे, ती कळली नाही तर अख्खी रात्र जाते. लॅपटॉपची बारीक स्टिरिओ पिन, जिला दुकानात ईपी पिन म्हणतात, ती मोठ्या स्टिरिओ पिनेत बदलून मिक्सरच्या एकाच चॅनेलला लावली की ट्रॅकमधला गायक गायब होतो. संगीत राहतं, तेही पोकळ, आणि गाणं जातं. कारण मिक्सरच्या अशा इनपुटला दोन आवाज अपेक्षितच नसतात. पिनेच्या दोन टोकांवर येणाऱ्या सिग्नलमधला फरक तेवढा तो पुढे पाठवतो. गायकाचा आवाज डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. एका बाजूला ईपी आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-३८ पिना असलेली वायर मागा आणि दोन वेगवेगळ्या चॅनेलला लावा.

मिक्सर मिळतच नसेल तर घरातला कीबोर्ड बघा. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेसारख्या बऱ्याच कीबोर्डना ‘ऑक्स इन’ची खोबण असते. तिथे लॅपटॉप लावला की ट्रॅक आणि कीबोर्डचा आवाज आतच एकत्र होतात. काही मॉड्यूल्सनाही अशी ‘ऑडिओ इन’ असते, आधी मागे वळून बघा. सोल्डरिंग येणाऱ्यांनी प्रत्येक आऊटपुटच्या डाव्या आणि उजव्या तारेत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग तारा जोडाव्यात. आवाज साधारण निम्मा होतो, तो ॲम्प्लिफायरवर वाढवता येतो. मॉड्यूलचा आवाज लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकाच खोबणीत घालायच्या फंदात मात्र पडू नका. ती माइकसाठी आहे, तीही मोनो.

सगळं जमलं की उरतो तो ‘घुंऽऽ’. ५० हर्ट्झच्या विजेचा हा गुरगुराट बहुधा लॅपटॉपच्या अडॅप्टरच्या वाटेने येतो. मिडी केबलवर संशय घेऊ नका. मिडीच्या नियमातच दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध ठेवलेला नाही, हुकूम आत एका प्रकाशाच्या उडीने पोचतो. अडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गुरगुर थांबली तर चोर सापडला. मग सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या किंवा लॅपटॉपच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, डीआय बॉक्सही चालतो.

आणि इथे कुणीतरी हमखास शहाणपण शिकवतो: ‘अर्थिंगची पिन काढून टाक, हम जातो.’ जातोही. पण ॲम्प्लिफायरच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर तो करंट जमिनीत जाण्याऐवजी माइक धरलेल्या पोराच्या अंगातून जातो. मांडवातल्या तात्पुरत्या लाइनवर, ओल्या मातीत, अनवाणी उभ्या गायकाच्या हातात लोखंडी माइक असतो. तिसरी पिन काढायची नाही. हम राहिला तरी चालेल.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी नांदेडला किंवा इतर कुठे जाणार असाल तर स्टेजवर जोडणीला फार वेळ मिळत नाही. घरीच वायरींना चिकटपट्टी लावून ‘लॅपटॉप डावा’, ‘मॉड्यूल मोनो’ असं लिहून ठेवा. लॅपटॉपचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर सांभाळा. वायफाय बंद करा, नाहीतर ऐन गाण्यात व्हॉट्सॲपचं ‘टिंग’ हजार वॅटवर ऐकू येईल. सुरू करताना आधी मॉड्यूल आणि लॅपटॉप, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना ॲम्प्लिफायर सगळ्यात आधी.