पहिल्या धारेचा वास

पुण्याजवळ ताथवड्यात बाराव्या मजल्यावरच्या आमच्या घरात बाटलीचं बूच निघालं आणि आधी घमघमला तो जास्त पिकून फुटलेला फणस. त्यामागून अननस, मग व्हार्निश. चुलतभावाने परदेशातून आणलेली ही जमैकन रम पाण्यासारखी स्वच्छ होती. पिंपात मुरवलेली नाही, वर 63 टक्के अल्कोहोल. आपल्याकडची नेहमीची रम असते 42.8 टक्क्यांची. (पिण्याचे परवाने होते, हेही नोंदवतो.) चमचाभर रमेत तेवढंच पाणी घालून जिभेवर घेतली. आधी चटका, मग मिठातल्या ऑलिव्हची खारट चव, आणि अननस काही केल्या जाईना.

शेजारचे काका आयुष्यभर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. पेला नाकाशी नेत ते म्हणाले, "अहो, हा तर आमच्या स्पेंट वॉशच्या खड्ड्याचा वास!"

काकांचं नाक पक्कं. मळी आंबवून त्यातलं अल्कोहोल उडवलं की भट्टीत तपकिरी, आंबट पाणी उरतं. आपण त्याला स्पेंट वॉश म्हणतो, जमैकावाले डंडर. 1753 सालापासूनच्या हॅम्पडेनसारख्या जुन्या भट्ट्यांत हेच डंडर पुढच्या खेपेच्या मळीत मिसळतात आणि आठवडा, कधी दोन आठवडे आंबवतात. तेवढ्या वेळात यीस्टच्या जोडीने जिवाणूही आपलं काम उरकतात. त्यांनी तयार केलेल्या ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा, नकोसा वास असतो. पण तेच अल्कोहोलशी जुळून एस्टर झालं की अननस! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने आयात कर वाढवला, तेव्हा थोडी रम भरपूर साध्या अल्कोहोलात मिसळून विकायची युक्ती निघाली, आणि अशा उग्र रमेला गिऱ्हाईक मिळालं. जमैकात शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे 1600 ग्रॅम एस्टर ही कमाल मर्यादा आहे.

आपलं गणित नेमकं उलटं. दीड दिवसात आंबवण उरकायची, उंच स्तंभातून वाफ चढवायची आणि वास-चव काढून टाकलेलं अल्कोहोल मिळवायचं. एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश उरतो. नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारतो, म्हणून त्याचा गॅस करा, प्रेसमडमध्ये (उसाच्या रसातून गाळलेल्या चोथ्यात) मुरवून खत करा, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळा. राखेतून पोटॅश मिळतं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पुण्याची प्राज कंपनी यांचं बरंच काम याच खटाटोपाभोवती आहे. ते हवंच. पण मळीचा एवढा मोठा प्रदेश आपला, कासारसाईचा साखर कारखाना इथून फार लांब नाही, आणि स्वतःचा वास असलेली रम आपल्याकडे क्वचितच, याची मला खंत वाटते.

"या वासापायी आम्हाला नोटिसा यायच्या," काका म्हणाले, आणि पेला पुढे केला. "पहिल्या धारेची दिसते. घाला अजून चमचाभर."