तेवीस नावांवरच्या पट्ट्या

बँकेच्या स्टेटमेंटवरची एकच नोंद गोल करून फाइल परत आली होती: रोख जमा, १२,००० डॉलर. बाजूला प्रश्न, हे पैसे आले कुठून?

न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजमध्ये मी घरखरेदीचं समुपदेशन करते. पहिलं घर घेणारे लोक येतात, बहुतेक काळे, कॅरिबियन, लॅटिनो. कित्येकांनी नागरिकत्वाची शपथ नुकतीच घेतलेली. या फाइलमधली बाई त्रिनिदादची, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणारी. घर ३ लाख ४० हजारांचं. गृहकर्जांना हमी देणाऱ्या एफएचए या सरकारी संस्थेची हमी असल्यामुळे साडेतीन टक्के, म्हणजे ११,९०० डॉलर, तिने भरायचे. बाकीचा खर्च विकणाऱ्याने उचललेला. पण इथे पैसे नुसते असून भागत नाही, त्यांचा जन्मदाखला लागतो.

मी विचारलं तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "सुसूचे आहेत." आपण काही बेकायदा केलंय, असंच तिला वाटत होतं. चोवीस जणी, दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीचे ५०० डॉलर, पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम.

"भिशी!" माझ्या तोंडून मराठीतच निघालं. सोलापुरात माझ्या आईने शिलाई मशीन भिशीवरच घेतलं होतं. मेक्सिकन लोक हिला तांदा म्हणतात.

एफएचएच्या नियमांत अशा बचत मंडळांना जागा आहे, हे काही कर्ज अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मंडळ खरंच चालतं, किती दिवस चालतंय आणि पैसे अर्जदाराला त्यातूनच मिळाले, हे कागदावर दाखवावं लागतं. हीच एफएचए १९३४ साली निघाली तेव्हा काळ्या वस्त्यांमधल्या कर्जांना हमीच द्यायची नाही. शेजारच्या न्यूअर्कमधल्या अशा वस्त्या सरकारी नकाशांत लाल रंगवलेल्या होत्या. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने या भेदभावाला बंदी घातली, पण आजही गोऱ्या कुटुंबांपैकी ७० टक्क्यांहून जास्त कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात आणि काळ्यांपैकी साधारण ४५ टक्के.

मधे एक काळ उलटा आला. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दशकाच्या अखेरपर्यंत ५५ लाख नवे अल्पसंख्याक घरमालक करायचं लक्ष्य ठेवलं. त्याच वर्षांत बाजारात अशी महागडी कर्जं बोकाळली, की उत्पन्नाचा पुरावासुद्धा कुणी मागेना. मी या कामात आले २००९ साली, तेव्हा माझ्यासमोर घर घ्यायला नव्हे, तसली कर्जं थकल्यामुळे घर वाचवायला आलेली माणसं बसायची. म्हणून कर्जाचे कागद तपासणाऱ्या अंडररायटरच्या प्रश्नाचा मला राग येत नाही. पुरावा मागावाच. मात्र गरिबाचा पुरावा कसा दिसतो, हे ओळखायलाही शिकावं.

इथे तो एका वहीत होता. सुसू चालवणाऱ्या आजींनी ती स्वयंपाकघरातल्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. मी झेरॉक्स मागितली तशी त्यांनी वही मिटली. "यात आणखी तेवीस नावं आहेत. काहींचे कागद अजून झालेले नाहीत."

मी गप्प बसले. त्यांचं बरोबर होतं.

मग आम्ही पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका नावावर चिकटवल्या. वही त्या हातातून सोडेनात, म्हणून स्वतःच माझ्याबरोबर लायब्ररीत मशीनपाशी आल्या. मी हळूच विचारलं, "हिचा नंबर कितवा?" कारण पैसे लवकर उचलले असते तर ते उसने ठरले असते.

"शेवटचा," आजी म्हणाल्या. "घर घ्यायचं असेल तिला मी शेवटचाच नंबर देते."

बाईच्या खात्यातून पंधरवड्यागणिक काढलेले ५०० डॉलर मी रात्री वहीतल्या तारखांशी लावून पाहिले. चोवीस वेळा. बेरीज बरोबर १२,०००. आजींच्या सहीचं पत्र जोडून फाइल गेली. आणखी दोनदा परत आली, तिसऱ्यांदा पास झाली.

लायब्ररीत त्या दिवशी झेरॉक्स निघाल्यावर आजींनी सगळ्या पट्ट्या अलगद सोडवल्या, तेवीस मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. पुढच्या वर्षीच्या शेवटच्या नंबराला लागतील, म्हणाल्या.