आठाच्या पाढ्याचा चेंडू

नोव्हेंबर उजाडला, घड्याळं तासभर मागे गेली, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न उभा राहतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांनी दिवसभर करायचं काय? मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. बाहेर थंडी, आणि गाडी चालवता येत नाही म्हणजे सबर्बमध्ये पायच नाहीत. आजोबांचा वेळ निदान पेपर वाचण्यात तरी जातो. आजी मात्र स्वयंपाक आटोपला की खिडकीशी बसून. संध्याकाळी नातवंडं येतात ती इंग्रजीत बोलत. त्यांचं इंग्रजी आजीला झेपत नाही, आजीचं मराठी त्यांना अर्धंच कळतं. सहा महिन्यांचा मुक्काम असाच सरून जातो.

यावर एक साधा उपाय आमच्या घरी लागू पडला, तो सांगते. दोन सुया, थोडी लोकर आणि विणलेला एक मऊ चेंडू!

विणकाम आपल्या आयांना नवीन नाही. घरात बाळ येणार म्हटलं की टोपडी-मोजे सुरू व्हायचे. अडतं ते इथल्या दुकानात. भारतातले सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली १० नंबरची सुई म्हणजे इथली ३ नंबरची, आणि आपली ८ नंबरची म्हणजे इथली ६ नंबरची. फक्त ७ नंबर दोन्हीकडे सारखा! तेव्हा नंबराच्या भानगडीत न पडता मिलिमीटर पाहावेत. या चेंडूला ४ मिलिमीटरची सुई घ्या. लोकर 'वर्स्टेड' जाडीची, वेष्टनावर ४ आकडा असलेली. अ‍ॅक्रिलिक असली तर मशीनमध्ये धुता येते. शुद्ध लोकर गरम पाण्यात आटते.

लोकरीचा चेंडू म्हटल्यावर मुलं नाक मुरडतील, तर त्यांना सांगा की मेजर लीगच्या बेसबॉलच्या पोटातही लोकरच असते. कॉर्क-रबराच्या गाभ्याभोवती आधी १२१ यार्ड चारपदरी लोकर गुंडाळतात, मग आणखी थर, आणि वरचं कातडं हाताने शिवतात. त्यावर लाल दोऱ्याचे दुहेरी टाके किती? १०८. जपमाळेच्या मण्यांइतके! आमच्या आजोबांना हे फारच आवडलं.

आता कृती. आठ टाके घाला. पहिल्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोनदा विणून एकाचे दोन करा, सोळा होतील. दुसरी ओळ सगळी उलट. यापुढे प्रत्येक सम ओळ उलटच विणायची. तिसऱ्या ओळीत एक सुलट, पुढच्याचे दोन, असं आठ वेळा केलं की चोवीस. पाचव्या ओळीत दोन सुलट, पुढच्याचे दोन, म्हणजे बत्तीस. सातवीत चाळीस, नववीत अठ्ठेचाळीस. दहावी उलट झाली की पुढच्या चौदा ओळी न वाढवता एक सुलट, एक उलट अशा विणा. मग पंचविसाव्या ओळीपासून उतरायचं. चार सुलट विणून दोन टाके एकत्र, असं आठ वेळा, की चाळीस. पुढच्या विषम ओळींत तीन, दोन आणि एक सुलट विणून दोन एकत्र. शेवटी, तेहेतिसाव्या ओळीत, सगळे दोन-दोन एकत्र, की पुन्हा आठ. दोरा तोडून या आठांतून ओवा आणि घट्ट ओढा. सुरुवातीचे आठही तसेच ओढून घ्या. कड शिवताना दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा, फायबरफिल भरा आणि तोंड शिवून टाका. साधारण तीन इंचांचा चेंडू होतो.

आपल्या लहानपणी लगोरीला चिंध्यांचा चेंडू असे. याच्या पोटातही जुन्या सुती साडीच्या चिंध्या चालतात, पण धुतल्यावर वाळायला वेळ लागतो.

वाचताना लक्षात आलंच असेल: आठ, सोळा, चोवीस, बत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस. हा तर आठाचा पाढा! चढताना सरळ, उतरताना उलटा. माझ्या सासूबाई विणायला बसल्या, तेव्हा सात वर्षांचा नातू टाके मोजायला शेजारी येऊन बसला. "फॉर्टी-एट," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस म्हण रे," आजी म्हणाल्या. "एट आधी का?" त्याने विचारलं. खरंच की! मराठीत आठ आधी, चाळीस मागून. इतकी वर्षं आमच्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. चेंडू व्हायला चार संध्याकाळी लागल्या. तोवर "आठ सक अठ्ठेचाळीस" त्याच्या तोंडात बसलं, आणि "व्हॉट्स नेक्स्ट"चं "आजी, आता काय?" झालं. त्याच्या रविवारच्या मराठी वर्गात जे महिनोन् महिने जमलं नव्हतं, ते असं जमलं. कारण आजीला खरोखरच त्याच्या मदतीची गरज होती. तिला टाके बारीक दिसत होते.

एक काळजी मात्र घ्या. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांच्या चेंडूचा व्यास पावणेदोन इंचांहून जास्तच लागतो, नाहीतर तो घशात अडकू शकतो. तेव्हा हौसेने छोटुकला चेंडू करून बाळाच्या हाती देऊ नका. वर मणी, बटणं, घुंगरू शिवू नका, आणि दोऱ्याची टोकं आत खोचून टाका. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं.

तेव्हा यंदा आई येणार असेल, तर तिच्यासाठी टीव्हीवर मराठी चॅनेल घ्याच, पण दोन सुया आणि लोकरीची लडही आणून ठेवा. विणायला तिला शिकवावं लागणार नाही. मोजायला नातवंडांना तेवढं शेजारी बसवा.