कण्याला सावरणारे खोल स्नायू

कंबर दुखू लागली की दोष बहुधा मणक्यांना किंवा त्यांमधील चकतीला दिला जातो. कण्याला सावरणाऱ्या खोल स्नायूंचा विचार क्वचितच होतो.

पाठीचे स्नायू थराथरांनी रचलेले असतात. वरचे रुंद थर प्रामुख्याने खांदे व हात हलवतात. त्यांच्याखाली कण्याच्या दोन्ही बाजूंनी ‘इरेक्टर स्पायनी’ हा लांब स्नायुसमूह असतो. वाकलेले शरीर तोच सरळ करतो. त्याहूनही आत, मणक्यांना बिलगून ‘मल्टिफिडस’ हा स्नायू असतो. त्याचे तंतू खालच्या मणक्याच्या बाजूकडून तिरपे वर चढतात आणि दोन ते चार मणके ओलांडून वरच्या मणक्याच्या मागील काट्याला जोडले जातात. कमरेत तो सर्वांत जाड असतो. मोठी हालचाल घडवण्यापेक्षा मणके स्थिर राखणे, हे त्याचे मुख्य कार्य.

कंबरदुखीत नेमका हाच स्नायू दुखऱ्या बाजूला रोडावू शकतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रथमच कंबरदुखी झालेल्या ३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदना शमल्यानंतरही हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही, असे त्यात आढळले. त्यासाठीचे खास व्यायाम केलेल्यांमध्ये मात्र तो अधिक लवकर आणि अधिक पूर्णपणे भरून आला.

म्हणूनच दुखणे थांबले, की उपचार संपले असे मानू नये. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम चालू ठेवणे हिताचे. पायांत बधिरता किंवा अशक्तपणा जाणवल्यास, लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास मात्र व्यायामाची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.