अर्धं मूळ, फुल्ल करामत!

माहीत आहे का? सात-आठ वर्षांच्या पोराचा नवाकोरा पक्का दात वरून कितीही ऐटदार दिसला, तरी हिरडीच्या आत काम चालूच असतं! मूळ पुरं व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात.

आणि नेमकं याच वयात सायकल, झोपाळा, धडाम! मार लागून आतली नस मेली की मुळाची वाढ जागीच ठप्प. भिंती पातळ, टोक सताड उघडं.

मग करा की रूट कॅनल! तिथेच तर गोची आहे. त्यात भरतात गटापर्चा, म्हणजे मलेशियाकडच्या झाडाचा चीक. (१८५८च्या अटलांटिक तारेवर याच चिकाचं कव्हर होतं!) पण टोकच उघडं, तर तो अडणार कुठे? अशा कॅनलला डेंटिस्ट म्हणतात ‘ब्लंडरबस’. रुंद तोंडाच्या जुन्या बंदुकीचं नाव. ठो!

१९६०च्या दशकात डॉक्टरांनी दाताला चक्क चुना लावला. हो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड! पानाच्या डब्यात असतं तेच रसायन. (घरी प्रयोग अजिबात नको.) टोकाशी कठीण पडदा धरायचा, पण त्यात सहा ते अठरा महिने जायचे. शिवाय चुना फार काळ आत राहिला की दात ठिसूळ!

एंट्री सिमेंटची! १९९३मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून महमूद तोराबिनेजाद यांचं एमटीए जगासमोर आलं. मूळ पोर्टलँड सिमेंट, जोडीला एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. पावडर पाण्यात कालवली की ओल्या वाळूसारखी होते. डॉक्टर ती बारीक नळीने टोकाशी नेऊन चारेक मिलिमीटरचा थर हलक्या हाताने दाबतात. ओलीचं टेन्शनच नाही, पाण्यानेच ती घट्ट होते. महिन्यांचं काम एक-दोन भेटींत! म्हणून म्हणते, पडलेल्या मुलाचा दात दुखत नसला, नुसता काळवंडला असला, तरी दाखवाच. उपटायची घाई तर मुळीच नको!

आता खरा धमाका. २००१ नंतर गाजलेल्या रिव्हॅस्क्युलरायझेशनमध्ये कॅनल जंतुमुक्त करून डॉक्टर टोकापलीकडे मुद्दाम टोचतात आणि रक्त आत येऊ देतात! त्यासाठी भूलही बिनाअ‍ॅड्रिनलीनची, कारण अ‍ॅड्रिनलीन रक्त रोखतं. गुठळी बसते, टोकाजवळच्या मूळपेशी कामाला लागतात आणि पुष्कळदा भिंती जाड होतात, मूळही लांबतं. आत तयार होतं ते बहुधा असली नस नसतं, हाडासारखं किंवा मुळावरच्या ‘सिमेंटम’ या थरासारखं काहीतरी असतं. तरीही यातल्या काही ‘मेलेल्या’ दातांना पुढे थंडगार स्पर्श चक्क जाणवतो!