चार घरे एकत्र आली की

घरातली वीज, पाणी आणि कचरा कमी करायचा तर काय करावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, गळका नळ वेळेवर दुरुस्त करावा, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा, या सूचना शाळेच्या पुस्तकापासून महापालिकेच्या फलकापर्यंत सगळीकडे वाचायला मिळतात. तरीही घरे फारशी बदलत नाहीत. ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांतले अंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एक छोटा गट बरेचसे कमी करू शकतो, असे गेल्या ऐंशी वर्षांतल्या प्रयोगांतून दिसत आले आहे.

यातला एक जुना आणि गाजलेला प्रयोग स्वयंपाकघराशीच निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई भासू लागली होती. हृदय, गुर्दे असे एरवी नाक मुरडले जाणारे भाग लोकांच्या ताटात यावेत, असा सरकारचा प्रयत्न होता. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांनी रेडक्रॉसचे काम करणाऱ्या गृहिणींचे गट घेतले. काही गटांना व्याख्यान मिळाले: पौष्टिकता, किंमत, कृती, सगळे त्यात आले. उरलेल्या गटांना विषय थोडक्यात सांगून आपसांत बोलू दिले. मग खऱ्या अडचणी बाहेर आल्या. नवऱ्याला हे आवडेल का, शिजताना येणाऱ्या वासाचे काय करायचे? शेवटी येत्या आठवड्यात कोण करून पाहणार असे विचारून हात वर करायला सांगितले. नंतर चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के जणींनी असा एखादा पदार्थ केला होता आणि आपसांत बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी.

हेच सूत्र घराच्या पर्यावरणाला लावण्याचा मोठा प्रयत्न १९९०च्या दशकात झाला. डेव्हिड गर्शन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'ग्लोबल अ‍ॅक्शन प्लॅन' या संस्थेने 'इको-टीम' नावाची पद्धत बसवली आणि ती नेदरलँड्समध्ये चांगली रुजली. शेजारी, मित्र, एकाच चर्चमध्ये जाणारे लोक अशी सहा ते दहा घरे एकत्र येत. गट महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमे आणि एका वेळी एकच विषय घेई: कचरा, गॅस, वीज, पाणी, प्रवास, खरेदी. प्रत्येक घर मीटरचे आकडे टिपून ठेवी आणि कचरा वजन करून टाकी. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून आपल्या गटाने किती वाचवले आणि इतर गटांनी किती, हे घराघराला कळवले जाई.

लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी यात भाग घेतलेल्या घरांचा पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपताना गॅसचा वापर सुमारे एक पंचमांशाने आणि कचरा पाव भागाहून थोडा अधिक घटला होता. वीज आणि पाणी यांतली घट त्या मानाने किरकोळ होती. खरी दखल घ्यावी अशी गोष्ट पुढे घडली. गट विसर्जित होऊन दोन वर्षे झाल्यावरही बचत बहुतांशी टिकून होती. गॅसच्या बाबतीत ती किंचित ओसरली होती, पण कचरा, वीज आणि पाणी यांत उलट वाढली होती. जाहिरातींच्या मोहिमांचा परिणाम मोहीम संपताच विरू लागतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. त्या पार्श्वभूमीवर हे निकाल उठून दिसतात.

गटात असे काय असते? घरच्या घरी ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्यांकडे पाहिले की ते नेमके कळते. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग भाज्यांची साले आणि उरलेले अन्न यांचा ओलावा वाढतो, डब्याला आंबूस वास येऊ लागतो, आणि एके दिवशी झाकण उघडताच वळवळत्या अळ्या दिसतात. एकटे घर इथेच हात टेकते आणि डबा माळ्यावर जातो. गटात मात्र यातून गेलेले कोणी तरी असतेच. ओल्याच्या जोडीला कोरडा पाला किंवा कोकोपीट घाला, रोज एकदा वरखाली करा, या अळ्या खत करायलाच मदत करतात, एवढे चार शब्द वेळेवर मिळाले की डबा वाचतो. पुस्तकातही हेच लिहिलेले असते, पण पुस्तक त्या सकाळी शेजारी उभे नसते. शिवाय पुढच्या बैठकीत आपल्या डब्याबद्दल सांगायचे आहे, ही जाणीव असते. चारचौघांत दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

तिसरे कारण तुलना. आपण जास्त वीज वापरतो की कमी, हे एकट्या घराला कळायला मार्गच नसतो. पण तुलनेची धार दोन्ही बाजूंनी असते. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे २९० घरांवर केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिसरातल्या सरासरीचा आकडा कळवल्यावर जास्त वीज जाळणाऱ्या घरांनी वापर कमी केला, पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर शाबासकीचा एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली. छापील चिठ्ठीवर तो चेहरा मुद्दाम काढावा लागतो, समोरासमोरच्या बैठकीत कौतुक आपसूक होते.

महाराष्ट्राला या पद्धतीत नवखे वाटण्यासारखे काही नाही. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, त्यानंतर असे गट गावोगाव उभे राहिले. दहा-वीस जणी, ठरलेला दिवस, नोंदवही आणि सगळ्यांसमोर होणारा हिशेब, हा साचा इथे मुरलेला आहे. त्याच वहीत पैशाशेजारी विजेचे युनिट आणि कचऱ्याचे किलो लिहायचे, एवढाच बदल करायचा आहे. शेतीत तर हे त्याही आधी घडले. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी, विशेषतः द्राक्षबागायतदार, आपापल्या रानात प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि त्या एकमेकांपुढे मांडत. तज्ज्ञाने सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही रीत तिथे नव्हती.

शहरात याचा सर्वांत जवळचा उपयोग कचऱ्यात आहे. घरातल्या कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओला असतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक केले, पण नियमाने डबे वेगळे होतात असे नाही. पुण्यात २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले. हा कचरा पुढे ज्यांच्या हातातून जाणार असतो, त्यांना पुडी न उघडता ती बाजूला काढता येते. इमारतीतल्या पाच घरांनी असा ठिपका काढायला सुरुवात केली की सहाव्याला तो काढणे अवघड वाटत नाही, न काढणेच अवघड वाटते.

गट सुरू करताना आधी मोजावे, मग ठरवावे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी ती बिले आणली की अर्धे काम झाले. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात, त्यामुळे ३०० च्या जरा वर असलेल्या घराला थोड्या बचतीचाही फायदा होतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. असे पंखे दहा घरांनी मिळून घेतले तर दुकानदार भाव कमी करायलाही तयार होऊ शकतो. विषय मात्र एका महिन्याला एकच ठेवावा. सगळे एकदम हाती घेणारे गट लवकर दमतात.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. इको-टीममध्ये लोक आपणहून आले होते, आणि अशा लोकांचा कल आधीपासूनच थोडा या बाजूला असतो. पूर्ण उदासीन घरांवर तोच परिणाम होईल असे त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. बस वेळेवर येत नसेल तर दुचाकी सोडा असे गट सांगू शकत नाही, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला छतावर सौर पॅनेल बसवता येत नाहीत. तिथे धोरणच बदलावे लागते. फार तर गट एकत्र येऊन नगरसेवकाकडे किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत ती मागणी लावून धरू शकतो, आणि एकट्या अर्जापेक्षा तिला वजन येते.

याहून गंभीर प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. कचरा वेगळा करणे, खताचा डबा ढवळणे, कापडी पिशव्या धुऊन वाळवणे ही सगळी नवी कामे मुकाट्याने घरातल्या बाईच्या आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या वाट्याला येतात. बैठकीला फक्त बायका येत असतील तर ही वाटणी पक्की होऊन बसते. म्हणून घरटी दोन माणसांनी यावे, त्यांत एक पुरुष असावा, आणि वहीत किलो-युनिटांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: या महिन्यात हे काम घरात कोणी केले.