इंग्रजीची परीक्षा आणि संगणकाचे शब्द

आपल्या समाजातील मुले-मुली आता केवळ पदवी घेऊन थांबत नाहीत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील विद्यापीठांचे अर्ज ती भरू लागली आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु शिष्यवृत्तीसाठी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि प्रवेश देताना बहुतेक विद्यापीठे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आयईएलटीएस ही त्यातील एक प्रमुख परीक्षा. १९८९ पासून ती या नावाने घेतली जाते. तिची फी पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे आणि निकाल साधारणतः दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. हातावर पोट असलेल्या घराला एवढी रक्कम दुसऱ्यांदा उभी करणे जड जाते. म्हणून पहिल्याच खेपेची तयारी नेमकी हवी.

या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चारही गोष्टी तपासतात. वाचनाला ६० मिनिटे आणि ४० प्रश्न असतात. लेखनालाही ६० मिनिटे मिळतात. त्यातील दुसरा प्रश्न म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटे बोलायचे असते. निबंधात आणि संभाषणात तंत्रज्ञान हा विषय पुनःपुन्हा येतो. लेखन आणि बोलणे या दोन्ही भागांत गुण चार कसोट्यांवर देतात, त्यातील एक कसोटी शब्दसंपत्तीची असते. म्हणजे या दोन भागांचे पाव गुण शब्दांवर अवलंबून आहेत.

हे कळले की विद्यार्थी बाजारातील पुस्तक आणतो आणि दोनशे अवघड शब्दांची यादी घोकू लागतो. इथेच गाडी अडते. परीक्षेला संगणकशास्त्र येण्याची गरज नाही. उतारे सामान्य वाचकासाठीच निवडलेले असतात. परीक्षकाला पाहायचे असते ते एवढेच, की यंत्रांनी माणसाच्या जगण्यात काय बदल केला हे तुम्हाला नेमक्या शब्दांत सांगता येते का.

संगणकाची इंग्रजी भाषा मुळात घरगुतीच आहे. माउस म्हणजे उंदीर, विंडो म्हणजे खिडकी, वेब म्हणजे कोळ्याचे जाळे, क्लाउड म्हणजे ढग, बग म्हणजे किडा. खुद्द कॉम्प्युटर हा शब्द यंत्र येण्यापूर्वी हिशेब करणाऱ्या माणसासाठी वापरत. तेव्हा या शब्दांना भिण्याचे कारण नाही. अडचण निराळीच आहे. हे शब्द आपल्या तोंडी आहेत, परंतु ते आपल्या पद्धतीने रुळलेले आहेत.

आपण झेरॉक्स काढतो. परंतु ते एका कंपनीचे नाव आहे, परीक्षेत फोटोकॉपी लिहावे. आपण म्हणतो रेंज नाही. इंग्रजीत सिग्नल नसतो. आपला मोबाइल हँग होतो. तिकडे तो फ्रीझ होतो. मेल आयडीला ईमेल ॲड्रेस म्हणावे, आणि पेन ड्राइव्हला यूएसबी स्टिक किंवा फ्लॅश ड्राइव्ह. लाइट गेली हे सांगताना पॉवर कट हा शब्द वापरावा. असे शब्द चुकले तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही, आणि गुण तिथेच कमी होतात.

दुसरी खाचखळगी अनेकवचनाची. सॉफ्टवेअर, हार्डवेअर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन, रिसर्च या शब्दांना शेवटी एस लागत नाही. डिव्हाइस आणि ॲप यांना मात्र लागतो. टेक्नॉलॉजी हा शब्द सर्वसाधारण अर्थाने लिहिताना आधी द नको. इंटरनेटच्या आधी द हवा. ॲक्सेस हे नाम असेल तर पुढे टु येतो, क्रियापद असेल तर येत नाही. काही ठिकाणी मराठीच मदतीला येते. आपण संगणकावर, इंटरनेटवर म्हणतो; इंग्रजीतही तिथे ऑन हाच शब्द आहे.

स्पेलिंगकडेही लक्ष द्या. ऐकण्याच्या आणि वाचनाच्या भागात स्पेलिंग चुकले की उत्तर चूक धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही पद्धती चालतात. परंतु ब्रिटिश पद्धतीत समारंभाचा किंवा दूरदर्शनचा प्रोग्राम दोन एम आणि शेवटी ई घेऊन येतो, तर संगणकाचा प्रोग्राम एकाच एमवर संपतो.

शब्द एकेकटे शिकू नयेत, कुटुंबासह शिकावेत. ऑटोमेट, ऑटोमॅटिक, ऑटोमेशन हे एक कुटुंब. टेक्निक, टेक्निकल, टेक्निशियन हे दुसरे. न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात अशी ५७० शब्दकुटुंबे आहेत. डेटा, ॲक्सेस, कॉम्प्युटर, टेक्नॉलॉजी, डिव्हाइस हे सर्व शब्द तिच्यात सापडतात. ही यादी हाताशी असली की कोठून सुरुवात करावी हा प्रश्न उरत नाही.

आता सर्वात महत्त्वाचे. समजा निबंध आला, शाळेतील शिक्षण चांगले की इंटरनेटवरील? पुस्तकी विद्यार्थी पाठ केलेले परिच्छेद उतरवतो. आपल्या मुलांनी तसे करू नये. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तीन भावंडांत एक मोबाइल आणि तोही वडील कामावरून परतल्यावर मिळणार, अशी स्थिती अनेक घरांत होती. हा अनुभव ज्यांच्या गाठी आहे त्यांना डिजिटल डिव्हाइड ही संज्ञा घोकावी लागत नाही. ती त्यांनी भोगलेली आहे. तिच्या जोडीला अफोर्ड, रिलायबल, कनेक्शन, रिमोट लर्निंग हे चार शब्द आले की एक भक्कम परिच्छेद उभा राहतो. आजीचा व्हिडिओ कॉल, वीजबिल भरण्याचे ॲप, ई-सेवा केंद्रावरचा दाखला, यंत्र आल्याने गेलेली कारखान्यातील नोकरी, या सर्वांतून निबंधाची सामग्री मिळते. अनुभव आपल्याजवळ आहेच. त्याला योग्य शब्द जोडायचा आहे.

यासाठी एक साधी वही करा. पानावर चार रकाने आखा: स्पेलिंग, शब्दाचे कुटुंब, शब्दाच्या मागेपुढे येणारे शब्द, आणि स्वतःच्या घरातील एक वाक्य. रोज पाच शब्द घेतले तर चाळीस दिवसांत दोनशे होतात. मोबाइलची भाषा इंग्रजी करून ठेवा. स्टोरेज, परमिशन, अपडेट हे शब्द रोज डोळ्यांखालून जातील. वाचनालयात इंग्रजी वृत्तपत्रातील तंत्रज्ञानाचा मजकूर वाचा आणि त्याचा सारांश दोन मिनिटे मोठ्याने सांगा.

मातापित्यांना इंग्रजी येत नसले तरी त्यांनी मागे राहू नये. आईने संध्याकाळी एवढेच विचारावे, आज शिकलेला शब्द आपल्या घरात कुठे लागू पडतो ते मला मराठीत सांग. मुलीला किंवा मुलाला हे सांगता आले तर शब्द समजला असे समजावे. सांगता आले नाही तर त्या शब्दाचे पान दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावे.